सातही चूक

मीच शिकवलं तिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुठल्या शिकवणीला जात होती, कोणाच्या वह्या उतरवल्या, असा तपास तुम्हाला करायला नको — खांद्याच्या आणि हाताच्या हाडांचा सबंध धडा, सांध्यांसकट, मी शिकवला. रोज संध्याकाळी सहा ते साडेसात, अकरा आठवडे, एक दिवस खाडा नाही. आणि मी शिकवलेली माझी नात तोंडी परीक्षेत सातांपैकी सात हाडं चुकते, हे — नाही, बसते, बसते. ही नको, ती बिनहातांची खुर्ची द्या — हे माझ्या बुद्धीला पटत नाही, डॉक्टर. छत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. माझ्या हाताखालची मुलं काठावर पास झाली असतील, नापासही झाली असतील, मी नाही म्हणत नाही. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकूण एक उत्तर चुकण्याचा पराक्रम माझ्या कारकिर्दीत कोणी केलेला नाही, आणि निवृत्तीनंतर तो माझ्याच घरातून व्हावा, हे मी मुकाट्याने ऐकून घेणार नाही.

ती बाहेर बाकावर बसली आहे. यायला तयार नव्हती. "आजी, नको ना, ते हसतील." म्हटलं, हसू देत, हसणाऱ्या वर्गापुढे मी छत्तीस वर्षं उभी राहिले आहे. आणि मी गुण मागायला आलेले नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. शाळेत असताना गुण मागायला येणाऱ्या पालकांना मी दारातूनच परत पाठवायची. मी आले आहे ते एवढ्यासाठी की पाच वाजता तुमची यादी लागणार, त्या यादीत ती नापास असली तर तिला वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही — बरोबर ना? — म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, तिला या फिजिओथेरपीच्या कॉलेजातून काढून त्याच्या मित्राच्या कचेरीत टंकलेखनाला बसवणार आहे. त्याने तसं स्पष्ट सांगितलंय. तो बोलतो कमी, करतो जास्त, माझ्यावर गेलाय. नाही, बोलण्यात नाही. करण्यात.

तर मुद्द्यावर येते. तुमचा शेरा मी पाठ केलाय — "नावे व सांधे अचूक, बाजू सातही चूक." पाच प्रकारची सात हाडं तुम्ही टेबलावर मांडलीत. प्रत्येक हाड उचलून तिने नाव सांगितलं, बरोबर. कोणत्या सांध्यात कसं बसतं ते सांगितलं, बरोबर. शेवटी तुम्ही विचारलंत, उजव्या हाताचं की डाव्या? आणि ते सातही वेळा चुकलं. आता मला सांगा, डॉक्टर, उत्तरं दोनच. उजवं नाहीतर डावं. काही न येणारी मुलगी तुमच्यासमोर डोळे मिटून बोलली असती तरी तीन-चार बरोबर आली असती. त्या मागच्या बाकावरच्या मुलाची आली म्हणे चार! नातीनेच सांगितलं, तो रोज खिडकीबाहेर बघत बसतो. तो पास. आणि ही नापास. अहो, सातच्या सात चुकायला ज्ञान लागतं! एकही चुकून बरोबर येऊ नये इतकं पक्कं ज्ञान लागतं. यात विनोद काय आहे? मी विनोद करत नाही. माझ्या कोणत्याही वर्गाला विचारा.

हो, उजव्याचं डावं होणं गंभीर आहे, मला मान्य आहे. उद्या ही मुलगी लोकांचे सांधे मोकळे करणार, आणि दुखणारा खांदा सोडून दुसराच धरून बसली तर — हो हो, कळलं. म्हणूनच तर आले. चूक आहे, पण ती कुठली चूक आहे, ते शोधा. नुसती लाल रेघ मारून काय होतं? लाल रेघ मलाही मारता येते.

पद्धत? माझी पद्धत विचारता? सांगते ना. माझी पद्धत छत्तीस वर्षं एकच आहे — आधी पाठांतर, मग वस्तू. पाठ झाल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. का, तर वस्तू हातात आली की मुलाचं लक्ष वस्तूशी खेळण्यात जातं. नातीने वरच्या वर्गातल्या एका मुलीकडून हाडांची पिशवी उसनी आणली होती — खरी हाडं की प्लॅस्टिकची, मी विचारलं नाही — ती आणताक्षणी मी माझ्या कपाटात कुलूपबंद केली. सूनबाई खूश झाली. ती पिशवी स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर दिसल्यापासून तिला भाजी चिरवत नव्हती. नात म्हणाली, "आजी, निदान एकदा हातात घेऊन बघू दे." मी म्हटलं, पाठ झालं की. "पाठ झालंय, आजी." म्हटलं, न अडखळता झालं की. मग अडखळायची ना ती, हाडाकडे बघायची घाई असल्यामुळे. असे अकरा आठवडे गेले.

नाही, पिशवी उघडली नाही. म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडणारच होतो, पण त्या दिवशी तिने एका ठिकाणी दोन हाडांचा क्रम उलटा सांगितला, मग तो पाठ पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला. शिस्तीत अपवाद केला की शिस्त राहत नाही.

मग शिकली कशावरून? माझ्यावरून! मी तिच्यासमोर उभी राहायची, हात बाजूला धरायची, आणि एकेक जागा दाखवत जायची. हे गळ्याखालचं आडवं हाड, क्लॅव्हिकल. हे पाठीवरचं पातं, स्कॅप्युला. त्याची उथळ खोबण बाहेरच्या अंगाला. हे दंडाचं, ह्युमरस. वरचं टोक चेंडूसारखं, चेंडू आत, शरीराकडे, खाच पुढे. चेंडू खोबणीत बसला की झाला उखळीचा सांधा, चहूकडे फिरणारा. कोपरात मात्र बिजागरीचा, एकाच दिशेने उघडणारा. चालीवर म्हणून घ्यायची मी. सूनबाई एकदा दारातून म्हणाली, "आई, पोरीला हाडं शिकवताय की पलटणीत भरती करताय?" तिला मी उत्तर दिलं नाही. तिच्या बऱ्याच प्रश्नांना मी उत्तर देत नाही, त्याने घरात शांतता राहते.

हे काय? मला देताय? माझी परीक्षा घेणार तुम्ही? घ्या. अवश्य घ्या. इकडून द्या, डाव्या हातात — द्या — अरे, किती हलकं असतं हे! मला वाटलं होतं चांगलं जड असेल, बत्त्यासारखं. आणि हा चेंडू सबंध गोल नसतोच, अर्धाच... अर्धा चेंडू आहे हा. मी "चेंडूसारखं" म्हणून घेत होते. बरं. ते असू द्या. दंडाचं हाड, ह्युमरस. हे असं माझ्या हाताशी धरलं — चेंडू आत, शरीराकडे, खाच पुढे, बरोबर बसतं. उजवं.

मान का हलवता? चेंडू आत आहे, खाच पुढे आहे. उजव्या हाताचं. पुन्हा बघू? बघते. माझ्या हाताशी धरलंय, चेंडू आत —

हा माझा डावा हात आहे.

थांबा. बोलू नका, मला विचार करू द्या. पाणी नको. हं. कळलं. कवायत. कवायत, डॉक्टर! वर्गासमोर शिक्षिका उभी राहते, मुलांकडे तोंड करून. "उजवा हात वर" म्हणताना तिने स्वतःचा उजवा वर केला, तर समोरची लहान मुलं आरशात बघावं तसा डावा वर करतात. म्हणून शिक्षिकेने तोंडाने म्हणायचं उजवा आणि करायचा डावा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी शिकवलं होतं, मग छत्तीस वर्षांत ते अंगात मुरलं. अहो, रस्त्यात कोणी दवाखाना विचारला तरी मी उजवीकडे म्हणते आणि डावा हात दाखवते. तर मी तिच्यासमोर उभी राहून डावा हात पुढे करत होते आणि त्याला उजवा म्हणत होते. अकरा आठवडे. आणि तिने ते जसंच्या तसं घेतलं. काय म्हणालात? ती हाड स्वतःच्या हाताशी धरून बघत नव्हती? समोर हवेत धरत होती, कोणी पुढे उभं असावं तसं?

मी उभी होते ना पुढे. तिथे नव्हते, पण उभी होते.

तर मग झालं की! चूक सापडली. चूक शिकवणाऱ्याची, मुलीची नाही. लिहून द्यायला तयार आहे, कागद द्या. सातही उत्तरं उलटी वाचा, सातही बरोबर आहेत. काय? हो, ती पाच वर्षांची नाही. एकोणीस वर्षांची आहे, तिच्यासमोर आरशाची गरज नव्हती, मी उजव्याला उजवाच दाखवायला हवा होता. सवय, म्हटलं ना. सवय. आणि हे तुम्ही सारखे माझ्या उजव्या हाताकडे का बघताय? तो मांडीवर आहे, कारण मला तिथे ठेवायला आवडतो. सभ्य माणसं हात मांडीवर ठेवतात.

वर? कशाला वर करू? मी काय प्रश्न विचारणार आहे तुम्हाला? हे बघा, माझ्या वर्गात मी एकच गोष्ट मागायची, हात वर करायचा तर सरळ, दंड कानाला टेकला पाहिजे. अर्धा वर केलेला हात म्हणजे अर्धा केलेला अभ्यास. अशा अर्ध्या हातांना मी कधी उत्तर द्यायला उठवलं नाही. किती असतील, कोण जाणे. त्यातल्या एखाद्याला खरंच वर करता येत नसेल, असं मनातदेखील आलं नाही, आता बोलताना येतंय. तुम्ही बोलायला लावता माणसाला, गप्प बसून. चांगली युक्ती आहे. मीही वापरायची.

दुखत नाही. दुखत नाही म्हणजे, मी वर नेला नाही तर दुखत नाही, आणि मी नेत नाही; प्रश्न मिटला. आठ महिने मिटलेलाच आहे. केस मी स्वतःहून कापून घेतले. सुटसुटीत बरे वाटतात. पुस्तकं वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणली, कारण वरच्या फळीवर धूळ बसते. सूनबाई शेजारणीला सांगत होती, "हल्ली आमच्या सासूबाई मिजासखोर झाल्यात, जागच्या हलत नाहीत, नुसतं बोट दाखवतात. तो डबा काढ, तो पडदा ओढ, ते दोरीवर टाक." ऐकलं मी. आणि बरं वाटलं! मिजासखोर म्हणाली ना, म्हणू दे. मिजासखोर सासूला लोक घाबरतात. हात न उचलणाऱ्या सासूला लोक बाजूला बसवतात, "आई, तुम्ही राहू द्या हं" म्हणतात, त्या "हं"मध्ये माणूस संपतं. माझ्या मैत्रिणीचं तसंच झालं, वर्षभरात तिच्या घरच्यांनी तिला चहासुद्धा करू दिला नाही. मी पाहिलंय.

आणि त्या इमारतीच्या सभेचं मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. आमच्या इमारतीत लिफ्ट बसवायची की नाही, यावर मतदान होतं. हात वर करून. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट मला हवीच होती. सचिव म्हणाले, "बाजूने असतील त्यांनी उजवा हात वर करा." मी मांडीवरून उचलला, आणि तो इथपर्यंत आला. इथपर्यंत. मला चारचौघांत हा असा लोंबता हात दाखवायचा नव्हता, खाली घेतला. ठराव एका मताने पडला. आता सगळी इमारत म्हणते, बाई तत्त्वाच्या पक्क्या, स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहून खर्चाला विरोध केला. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी तर माझा जाहीर सत्कार करायचं काढलंय. मी दिवसातून दोनदा पंचेचाळीस पायऱ्या चढते आणि तत्त्वाची पक्की म्हणून मिरवते.

असो. तर विषय माझ्या खांद्याचा नव्हे. घरात कोणाला माहीत नाही आणि त्याची गरजही — काय म्हणालात?

कोणी विचारलं?

वर्गात? तीनदा? काय विचारलं नेमकं, शब्द सांगा. "एखादी वयस्कर बाई उजवा हात खांद्याच्या वर नेत नसेल, आणि विचारलेलं तिला आवडत नसेल, तर काय करावं?" ... पहिल्यांदा कधी विचारलं तिने? सत्राच्या सुरुवातीला. म्हणजे माझी शिकवणी सुरू व्हायच्याही आधी.

तिला आत बोलवा. नाही, मीच बोलावते. अगं ए! आत ये. पाय घासू नकोस. अशी समोर उभी राहा — नको, समोर नको, बाजूला ये. तुला ठाऊक होतं, मी डावा दाखवते आणि उजवा म्हणते? मान नको हलवू, पूर्ण वाक्यात सांग. "पहिल्या दिवशीच कळलं." मग बोलली का नाहीस? मोठ्याने. "बोलले असते तर तुला उजवा हात दाखवावा लागला असता." हं. मग काय करायचीस? "जेवण झाल्यावर वहीत सगळं उलटं करून लिहायचे." रोज? रोज. अकरा आठवडे. मग परीक्षेत काय झालं? "सरांनी विचारलं आणि मला तुझाच आवाज ऐकू आला. उलटं करायला विसरले." आणि त्यांनी विचारलं ना तुला, कोणी शिकवलं म्हणून? काय सांगितलंस? "माझी मीच शिकले." असं खोटं सांगितलंस. माझ्यासाठी वर्ष घालवायला निघाली होतीस, आणि तुझा बाप तुला टंकलेखनाला — गप्प. रडायचं नाही. दोघींपैकी कोणीच.

जरा थांबा हं, डॉक्टर. चष्म्यावर काहीतरी आलंय.

ऐका आता दोघं, म्हणजे मागाहून घोळ नको. ठरलं ते असं. आज यादीत हिच्या नावापुढे नापास लागणार नाही, फेरतोंडी लागेल. ते तुमच्या नियमात बसतं असं तुम्हीच म्हणालात, म्हणजे उपकार नाहीत. मंगळवारी सकाळी परीक्षा, तुम्ही घ्यायची नाही, तुमच्या विभागातल्या दुसऱ्या बाई घेतील, आणि हाडं हीच सात नसतील. हीच ठेवतो म्हणत होतात, ती सूट मला नको, हिलाही नको. तोपर्यंत हिला मी शिकवायचं नाही. म्हणजे... अजिबात नाही. पिशवी आज घरी गेल्यावर हिच्या हातात, आणि ही हाड स्वतःच्या अंगाशी धरून शिकेल, गप्प बसून, चाल न लावता. माझा खांदा आठवड्यातून तीन दिवस तुमच्या विभागात. पहिल्या वर्षाची मुलं बघायला येतील म्हणता, येऊ देत. फक्त हात लावायच्या आधी विचारायचं, आणि कुठल्या सांध्याला हात लावतोय त्याचं नाव सांगून मग लावायचा. चुकलं तर मी सांगणार, तेवढा अधिकार मी सोडत नाही. तुम्हाला मान्य. हिला — तोंडाने सांग — हिला मान्य. सूनबाईला मी स्वतः सांगेन, आजच; मुलाला सूनबाई सांगेल, तिचं तो ऐकतो. आणि मला मान्य आहे.

ये गं. माझ्या पाठीमागे उभी राहा, म्हणजे तुझा उजवा तो माझा उजवा. हात धर. असा नको, कोपराच्या खाली आधार दे... बघ, तुला येतंय. दुखणार आहे, मला माहीत आहे, आणि दुखलं की मी ओरडणार आहे. आणि परक्या माणसासमोर मी ओरडत नाही. तुम्ही बाहेर थांबा, डॉक्टर. जाताना दार ओढून घ्या.